पाडलेलं पुन्हा बांधलं की ते तेच राहतं का? (जेरुसलेमचं 'पडकं' आणि एक न बांधलेलं मंदिर)

वारज्याची_मेघना

२०१९ मध्ये कामानिमित्त पंधरा दिवस तेल अवीवला होते. एक दिवस मोकळा मिळाला, तो जेरुसलेमला घालवला. जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीत, चौकाच्या कडेला पांढऱ्या दगडाचं, मोठ्या घुमटाचं एक सिनेगॉग आहे. नाव हुर्वा. हिब्रूत हुर्वा म्हणजे पडकं, भग्नावशेष. मी वाटाड्याला म्हटलं, यात पडकं काय आहे? परवाच वास्तुशांत झाल्यासारखं दिसतंय.

मग त्याने कुंडली मांडली. १७०० साली यहुदा हसीद नावाचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) पोलंडकडून शेकडो अनुयायांना घेऊन इथे आले आणि पोचल्यावर काही दिवसांतच वारले. मागे राहिलेल्यांनी उसनवारी करून बांधकाम काढलं. कर्ज फिटेना. १७२१ मध्ये सावकारांनी जागा जाळली. तेव्हापासून लोक म्हणू लागले, 'यहुदा हसीदचं पडकं'. १८६४ मध्ये तिथे घुमटाची देखणी इमारत झाली, तरी नाव पडकंच राहिलं. १९४८ च्या युद्धात जॉर्डनच्या फौजेने ती सुरुंगाने उडवली. १९६७ नंतर जागा इस्रायलच्या ताब्यात आली. पुढे बरीच वर्षं तिथे नुसती एक दगडी कमान उभी होती. आणि २०१० मध्ये १८६४ ची इमारत होती तशी पुन्हा बांधून काढली.

माझे दोन प्रश्न आहेत. आज जे उभं आहे ते हुर्वाच आहे, की हुर्वाचं दगडात काढलेलं छायाचित्र? आणि दुसरा जास्त छळतो. हे लोक सिनेगॉग इतक्या चिकाटीने पुन्हा पुन्हा बांधतात. मग ज्याच्यासाठी दिवसातून तीनदा प्रार्थना करतात ते जेरुसलेमचं मूळ मंदिर साडेएकोणीसशे वर्षं बांधलं का नाही? त्या टेकडीवर तेराशे वर्षांपासून डोम ऑफ द रॉक आणि अल अक्सा आहेत, हे मला ठाऊक आहे. पण कारण तेवढंच आहे का?

राजकारण नको, प्लीज.

पॉपकॉर्नवाला

'राजकारण नको' असं लिहिलेला धागा पन्नाशी गाठत नाही. खिडकीजवळची जागा धरून ठेवतो.

जुना_वाचक

मेघना, धागा चांगला काढलास. आधी एक घोळ निस्तरू. सिनेगॉग आणि मंदिर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेगॉगला हिब्रूत 'बेत क्नेसेत' म्हणतात, म्हणजे जमण्याचं घर. दहा प्रौढ पुरुष जमले (काही पंथांत आता बायकाही धरतात) की कुठेही सामुदायिक प्रार्थना होते. आपल्या भाषेत सांगायचं तर गाभारा नसलेला सभामंडप. तो हलवा, विका, दुसऱ्या गावी बांधा. मंदिर मात्र एकच, एकाच टेकडीवर. तिथे पुरोहित घराण्यातल्या लोकांनी करायचे बळी, धूप, दिवे. जागा बदलायची सोय नाही.

ते मंदिर एकदा पाडून पुन्हा बांधलं गेलं आहे. शलमोनाचं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेसरने जाळलं आणि लोकांना धरून नेलं. पुढे पर्शियाच्या कुरूश राजाने बाबिलोन जिंकलं आणि इ.स.पू. ५३८ मध्ये ज्यूंना परत जाऊन मंदिर बांधायची मुभा दिली. काम रखडलं, शेजाऱ्यांशी तंटे झाले, शेवटी इ.स.पू. ५१६ च्या आसपास पुरं झालं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला बायबलातल्या एज्राच्या पुस्तकात सापडतं. पाया घातला तेव्हा तरुण मंडळी आनंदाने ओरडत होती, आणि ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ती म्हातारी माणसं मोठ्याने रडत होती. आवाज दूरवर जात होता, पण रडणं कुठलं आणि जल्लोष कुठला ते कुणाला वेगळं काढता येईना. अडीच हजार वर्षांपूर्वी तुझाच धागा निघाला होता म्हण.

लाल_देवळासमोर

जुनेकाका, सिनेगॉग म्हणजे मंदिर नव्हे हे पुण्यात सांगून पहा. कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला १८६७ पासून रिक्षावाले 'लाल देऊळ' म्हणतात. बेत क्नेसेतला जायचंय म्हटलं तर मीटर टाकणार नाहीत.

जुना_वाचक

:) मान्य. रिक्षावाल्यापुढे तालमूद (ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ) चालत नाही.

पश्चिमद्वार

कुरूशाचा विषय निघालाच आहे म्हणून. ती प्रसिद्ध मातीची वळकटी, सायरस सिलिंडर, २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आली होती. रांग लावून पाहिली. जेमतेम वीतभर लांब, मक्याच्या कणसासारखी मधे फुगलेली. माझ्या पुढचे गृहस्थ मुलाला सांगत होते, 'यात ज्यूंना मंदिर बांधायची परवानगी लिहिली आहे.' खरं तर तीत जेरुसलेमचं नावही नाही. बाबिलोनच्या आसपासची उजाड देवस्थानं पुन्हा नांदती केली, तिथल्या देवांना आणि माणसांना आपापल्या ठिकाणी परत पाठवलं, असं तीत म्हटलं आहे. जेरुसलेमचा हुकूम बायबलात येतो. धोरण एकच असावं, पण कागद वेगळा. मी काही बोललो नाही. इतक्या उकाड्यात कुणाच्या मुलासमोर बापाची चूक काढायची म्हणजे.

कोरडा_तर्क

शलमोनाच्या मंदिराचा एक दगडही उत्खननात मिळालेला नाही हेही लिहा. सगळं बायबलच्या भरवशावर.

जुना_वाचक

त्या टेकडीवर उत्खनन करूच देत नाहीत, तर मिळणार कुठून? पण दुसऱ्या मंदिराबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 'इथून पुढे परक्याने येऊ नये, आला तर मरणाला तोच जबाबदार' अशी ग्रीक पाटी १८७१ मध्ये सापडली, ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

चुना_सुरखी

व्यवसायाने वास्तुरचनाकार, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. त्यामुळे हा धागा म्हणजे माझं दुखणं.

सगळे 'दुसरं मंदिर' म्हणतात त्यात एक गंमत आहे. इ.स.पू. २० च्या सुमारास हेरोद राजाने ते मंदिर जवळपास पायापासून नव्याने बांधलं. टेकडीभोवती प्रचंड भिंती घालून सपाटी दुप्पट केली. त्या भिंतीचा एक तुकडा म्हणजे आजची पश्चिम भिंत, जिथे लोक चिठ्ठ्या खोचतात. (ती मंदिराची भिंत नाही, जोत्याची आहे. हे दर वेळी सांगावं लागतं.) त्यातला एक दगड तेरा मीटरहून लांब आहे. माझ्याकडे पाच फुटी जोत्याचा दगड आणायचा तर क्रेनवाला दोन दिवस फोन उचलत नाही.

पण ज्यू परंपरा हेरोदच्या मंदिराला तिसरं म्हणत नाही. दुसरंच म्हणते. कारण बांधकाम चालू असतानाही रोजचे बळी थांबले नाहीत. जोसेफस या त्या काळच्या इतिहासकाराने वर्णन केलं आहे. लोक घाबरले होते, की हा राजा जुनं पाडेल आणि नवं बांधायला पैसे पुरणार नाहीत. म्हणून हेरोदने आधी सगळं सामान जमवलं, एक हजार गाड्या, दहा हजार कारागीर, आणि मगच जुन्याला हात लावला. आतल्या भागात पुरोहितांशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, मग गवंडी कुठून आणणार? हजार पुरोहितांनाच गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं. गाभारा दीड वर्षात उभा राहिला. बाकीचं काम पिढ्यान्पिढ्या चाललं, पूर्ण झालं आणि जेमतेम पाच-सात वर्षांत, इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलं.

तेव्हा मेघनाताई, दगड सगळे बदलले तरी ते तेच राहिलं, कारण आतलं काम खंडलं नाही. हुर्वाचं उलट आहे. मधे बासष्ट वर्षं काहीच नव्हतं, आणि मग हुबेहूब. मला विचाराल तर ते छायाचित्रच.

नागावकर_अश्दोद

रोज वाचते, लिहीत कधी नाही. आज राहवलं नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, जन्म ठाण्याचा, गेली बत्तीस वर्षं अश्दोदला.

चुना_सुरखी, हुर्वाला छायाचित्र म्हणू नका हो. माझ्या धाकट्या दिराच्या मुलाची बार मित्झ्वा (तेराव्या वर्षी मुलगा धर्माने सज्ञान होतो तो विधी) तिथे झाली. छायाचित्रात कुणी पेढे वाटत नाही. (पेढे खरेच होते, मी केले होते.)

तुम्ही सगळे जोसेफस आणि तालमूदवरून मंदिर सांगताय. आमच्या आजीला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. पण आव महिन्याच्या नवमीचा उपास ती कडक करायची. दोन्ही मंदिरं त्याच तिथीला पडली असं मानतात. हिब्रूत तिशा बेआव. आमच्याकडे कोकणात त्याला म्हणायचे बिरड्याचा रोजा. दिवसभर पाणी नाही, जमिनीवर बसायचं, आणि उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर. माझी आई सांगायची, तिला दहा-बारा वर्षांची होईपर्यंत वाटायचं की हा उपास वालांसाठीच असतो. जेरुसलेम कुठे, अलिबाग कुठे, पण मंदिर पडल्याचं सुतक आम्ही वाल सोलून पाळलं.

सोलकढी

ताई!! बिरड्याचा रोजा! हे कुठेच वाचलं नव्हतं. वाल कडवे की गोडे?

नागावकर_अश्दोद

कडवेच. गोड्या वालाचं बिरडं करणाऱ्यांशी आमचे बोलण्याचे संबंध नाहीत. नारळाच्या दुधात. आमच्याकडे मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, त्यामुळे आमचं निम्मं स्वयंपाकघर नारळावर चालतं.

सीकेपी_कट्टा

एक मिनिट. बिरडं आमचं आहे. श्रावणी सोमवार सोडायचा तो बिरड्यावर, हे जगन्मान्य. तुमची आव नवमीही साधारण श्रावणाच्या आगेमागेच येते की. आता कुणी कुणाचं पाहून केलं?

नागावकर_अश्दोद

एकाच वाडीतल्या वालाची शेंग. तुम्ही सोलून द्या, वाद मिटवू.

पॉपकॉर्नवाला

सोलणार कोण यावरून मंदिरं पडली असतील.

आस्वान_ते_अंबरनाथ

बिरड्यातून वर येतो. जुनेकाका म्हणाले मंदिर एकच आणि एकाच टेकडीवर. शास्त्राप्रमाणे हो. प्रत्यक्षात इजिप्तमध्ये नाईलच्या एलेफंटाईन बेटावर, आजच्या आस्वानजवळ, पर्शियन फौजेतल्या ज्यू शिपायांनी आपलं स्वतःचं मंदिर थाटलं होतं, बळीसकट. शेजारी ख्नूम या मेंढ्याच्या तोंडाच्या देवाचं देऊळ. इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूमच्या पुजाऱ्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला हाताशी धरून ज्यूंचं मंदिर जमीनदोस्त केलं. तीन वर्षांनी या मंडळींनी यहुदियाच्या सुभेदाराला पुन्हा बांधायच्या परवानगीसाठी अर्ज केला. तो अर्ज पपायरसवर आजही शिल्लक आहे. त्यात लिहिलंय, मंदिर पडल्यापासून आम्ही गोणपाट नेसून उपास करतो, आमच्या बायका विधवांसारख्या राहतात, अंगाला तेल नाही, तोंडात द्राक्षारस नाही.

मला भावतं ते सरकारी उत्तर. सुभेदाराकडून टिपण आलं, की पूर्वीच्या जागी बांधा, धान्याचा नैवेद्य आणि धूप करा. प्राण्यांच्या बळीबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे परवानगी मिळाली, पण एक कलम गुपचूप गाळून. मंत्रालयात तीस वर्षं काढलेल्या माझ्या सासऱ्यांना हे टिपण वाचून दाखवलं, ते म्हणाले, 'उत्तम मसुदा आहे.'

जुना_वाचक

वा! चूक कबूल. लिओन्तोपोलिसलाही एक होतंच, ते रोमनांनी इ.स. ७३ च्या सुमारास बंद केलं. म्हणजे नियम एकाचा होता, अपवाद दोन.

कोरडा_तर्क

खरा प्रश्न कुणी विचारत नाही. मंदिर बांधलं की बळी सुरू करावे लागणार. आजच्या किती ज्यूंना सकाळ-संध्याकाळ कोकरू कापलेलं हवं आहे? मला वाटतं त्यांना मंदिर हवं आहे ते न बांधलेलंच.

याव्ने

(आयडीवरून कळलंच असेल माझा कल कुठे आहे.)

तर्क यांचं म्हणणं थोडं उद्धट आहे, पण अगदीच चुकीचं नाही. वेढ्यात जेरुसलेम सापडलं असताना योहानान बेन जक्काई नावाच्या रब्बींना शिष्यांनी तिरडीवर निजवून, मेल्याचं सोंग करून शहराबाहेर काढलं, अशी कथा आहे. त्यांनी रोमनांकडे मागितलं काय, तर याव्ने गाव आणि तिथली विद्वान मंडळी. मंदिर नव्हे. पुढे एकदा ते शिष्याबरोबर भग्न मंदिरावरून जात होते. शिष्य म्हणाला, पापं धुवायची जागाच गेली, आता आपलं कसं व्हायचं? ते म्हणाले, तितकंच प्रभावी दुसरं साधन आपल्याकडे आहे, दयेची कृत्यं. बळीची जागा प्रार्थनेने घेतली. सकाळ-दुपारच्या प्रार्थना रोजच्या बळींच्या वेळांवर बसवल्या आहेत.

पण त्याच प्रार्थनांमध्ये मंदिर पुन्हा उभं राहो ही मागणीही ठेवली. सोडून दिली नाही. लग्नात नवरा पेला फोडतो तो याच आठवणीसाठी. मैमोनिदिस या बाराव्या शतकातल्या पंडितांचं उदाहरण घ्या. एका ग्रंथात ते म्हणतात की बळी ही त्या काळच्या लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती. दुसऱ्या ग्रंथात मंदिराची मापं, पुरोहितांचे कपडे, बळीचे नियम यांचा बारीकसारीक कायदा लिहितात, आणि मसीहा येऊन मंदिर बांधेल असं ठामपणे सांगतात. त्यांच्या आधीचे भाष्यकार राशी म्हणतात, तिसरं मंदिर आकाशातून तयारच उतरेल. म्हणजे एकाच्या मते ठेकेदार ठरलेला आहे, दुसऱ्याच्या मते ठेकेदाराची गरजच नाही. दोन्हीकडे आपण कुदळ मारायची नाही हे मात्र सारखंच.

पश्चिमद्वार

आणि टेकडीवर पाऊलही टाकायचं नाही. १९६७ पासून वर जाणाऱ्या वाटेवर मुख्य रब्बींची पाटी आहे, की जागेच्या पावित्र्यामुळे कुणीही ज्यूने वर जाण्यास धर्मशास्त्राची मनाई आहे. गाभारा नेमका कुठे होता ते पक्कं माहीत नाही, चुकून तिथे पाय पडला तर! अलीकडे ही मनाई न मानणारे धार्मिक ज्यूही बरेच आहेत हे खरं.

सोलकढी

त्या लाल गाईचं काय मग? टेक्सासमधून विमानाने नेल्या ना?

याव्ने

हो, २०२२ च्या सप्टेंबरात पाच कालवडी. मृतदेहाच्या संपर्काने येणारी अशुद्धी लाल गाईच्या राखेनेच जाते आणि त्याशिवाय मंदिराचं काम करता येत नाही, असा बायबलातल्या गणनेच्या पुस्तकातला नियम. पूर्ण तांबडी हवी, जू कधी मानेवर नको, आणि दुसऱ्या रंगाचे दोन केस निघाले तरी बाद. मैमोनिदिस म्हणतात आजवर नऊच झाल्या, दहावी मसीहाच्या हातची. जेरुसलेममध्ये १९८७ पासून एक संस्था मंदिराची भांडी, पुरोहितांचे पोशाख, सोन्याची मेनोरा (सात फांद्यांचा दिवा) करून तयार ठेवते आहे. बहुसंख्य रब्बी या सगळ्याकडे भुवया उंचावून बघतात.

खरं_तर

मग आपल्याकडे जेव्हा

संपादक

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर छाटला आहे आणि त्याखालचे तीन उडवले आहेत. धागा जेरुसलेमचा आहे, तिथेच राहू द्या.

पॉपकॉर्नवाला

चोविसाव्या प्रतिसादाला! माझा अंदाज पन्नासचा होता.

चुना_सुरखी

कुदळ मारायची नाही म्हणता, पण एकदा मारली गेली होती. रोमन सम्राट ज्युलियन. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला. इ.स. ३६३ मध्ये त्याने जेरुसलेमचं मंदिर राज्याच्या खर्चाने बांधायचं ठरवलं. ज्यूंवर प्रेम होतं म्हणून की ख्रिश्चनांना खिजवायला, यावर वाद आहेत. अँटिओकच्या अलिपियसला मुकादम नेमलं. ज्युलियनच्याच फौजेतला इतिहासकार अम्मियानुस लिहितो, की पायाजवळून आगीचे लोळ उठले, कामगार भाजले, जागेकडे जाता येईना, काम सोडावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्या भागात मोठा भूकंप झाला. जूनमध्ये ज्युलियन पर्शियाच्या मोहिमेत मारला गेला. फाईल बंद.

आता हुर्वाबद्दल. नागावकरताई, पेढ्यांचा मुद्दा मान्य, पण माझं रडणं वेगळं आहे. १९६७ नंतर तिथलं काम आधी वास्तुकार लुई कानकडे गेलं होतं. तेच, अहमदाबादच्या आयआयएमवाले. त्यांनी भग्नावशेष जागच्या जागी ठेवले आणि शेजारी नवी वास्तू कल्पिली. बाहेरून सोळा प्रचंड दगडी स्तंभ, पश्चिम भिंतीच्या दगडांशी नातं सांगणारे, आणि आत सावलीचा सभामंडप. महापौर टेडी कोलेक यांना इतकी मोठी वास्तू पेलेल का, ती अल अक्सा आणि ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चशी स्पर्धा करेल का, ही चिंता. निर्णय रेंगाळला. मार्च १९७४ मध्ये कान अहमदाबादहूनच परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले. आराखडे कागदावर राहिले. कॉलेजात आम्हाला ते शिकवायचे तेव्हा सर म्हणायचे, न बांधलेल्या इमारतींत ही सर्वात चांगली. पडकं तसंच, बाजूला नवं. हे मला आजही प्रामाणिक वाटतं.

श्प्रे_काठी

बर्लिनमध्ये राहते. इथे ओरानियनबुर्गर श्ट्रासवर १८६६ चं 'नवं सिनेगॉग' आहे. सोनेरी घुमट लांबून चमकतो. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी सगळीकडे सिनेगॉग जाळली, तेव्हा इथल्या ठाण्याचा पोलीस अधिकारी विल्हेल्म क्र्युट्झफेल्ड याने जमावाला हुसकून बंब बोलावले. वाचलं, आणि १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात गेलं. युद्धानंतर मागचा मुख्य सभामंडप पाडला. १९८८ ते १९९५ दरम्यान दर्शनी भाग आणि घुमट पुन्हा उभा केला, पण मागचा मंडप मुद्दाम बांधला नाही. तीन हजारांवर माणसं बसायची तिथे आता मोकळी जागा आहे, जमिनीवर भिंती कुठे होत्या त्याच्या खुणा. आत शिरलं की समोर काच, काचेपलीकडे काही नाही. चुना_सुरखी, तुम्हाला आवडेल.

पण खरं सांगू? दुसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीतून प्रार्थनेचा आवाज येत होता. मला तो घुमटापेक्षा बरा वाटला.

भायखळा_लोकल

आपल्या मुंबईतलं पण लिहा कुणीतरी. मस्जिद स्टेशनजवळचं शार हरहमीम, शहरातलं सर्वात जुनं. सामाजी हसाजी दिवेकर हे बेने इस्रायल, इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, जीव वाचला तर प्रार्थनागृह बांधीन असा नवस बोलले. १७९६ मध्ये फेडला. १८६० मध्ये ते आत्ताच्या जागी हललं. स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असंही सांगतात.

कोरडा_तर्क

स्टेशनाच्या नावावर माझा विश्वास नाही. मुंबईत खरीखुरी मशीद काय कमी होती?

नागावकर_अश्दोद

आमचे आजोबा सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. 'शनिवारी मशिदीत जायचंय.' आता घ्या.

वारज्याची_मेघना

तीन दिवस कामात होते, येऊन बघते तर हे एवढं! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतंय. पहिल्याचं मात्र अजून दोन्ही बाजूंनी ओढलं जातंय. ताईंच्या पेढ्यांनी एकीकडे, बर्लिनच्या काचेने दुसरीकडे.

जुना_वाचक

मेघना, तिसरी बाजू दाखवू? इ.स.पू. १६४ ची गोष्ट. ग्रीक राजाने मंदिरातल्या वेदीवर परक्या देवाचे बळी दिले होते. मक्काबी नावाच्या ज्यू बंधूंनी मंदिर परत जिंकलं, त्याचीच आठवण म्हणजे हनुक्का हा सण. प्रश्न आला वेदीचा. विटाळलेली, वापरता येत नाही. पण होती पवित्र, टाकता येत नाही. त्यांनी ती दगड दगड सोडवली, दगड टेकडीवरच एका ठिकाणी रचून ठेवले, आणि ठरवलं की एखादा संदेष्टा येऊन यांचं काय करायचं ते सांगेपर्यंत राहू देत. मग लोखंड न लागलेले, न घडवलेले दगड आणून नवी वेदी बांधली. उपासना पुन्हा चालू, आणि जुन्या दगडांचा निकाल तहकूब.

चुना_सुरखी

हे जबरदस्त आहे. वाडा उतरवला की कोरीव तुळया मी पण अशाच मालकाच्या गोदामात रचतो. संदेष्टा येत नाही, भंगारवाला येतो.

नागावकर_अश्दोद

यावरून आठवलं. इथे नवीन आले तेव्हा शेजारी येमेनी कुटुंब होतं. फ्लॅट कोरा, भिंती गुळगुळीत, आणि दारासमोरच्याच भिंतीवर हातभर लांब-रुंद चौकोन गिलावा न केलेला, आतलं सिमेंट दिसतंय. मला वाटलं ओल आली असेल. शेजारधर्म म्हणून मोडक्या हिब्रूत म्हटलं, 'माझ्याकडे चांगला रंगारी आहे, स्वस्तात करून देईल.' बाई आधी गोंधळल्या, मग इतक्या हसल्या की चहा सांडला.

तो मंदिरासाठी होता. घर कितीही चांगलं बांधा, आत शिरल्या शिरल्या दिसेल अशी एक चौरस हात जागा अर्धी सोडायची, असा तालमूदमधला नियम. ठाण्याच्या आमच्या घरात असलं काही नव्हतं, त्यामुळे मला ठाऊकच नव्हतं. आजीकडे बिरडं होतं, यांच्याकडे चौकोन.

याव्ने

बरोबर, 'झेखेर ला हुर्बान', विध्वंसाची आठवण. आणि मेघना, हुर्बान आणि तुझं हुर्वा, दोन्ही शब्द एकाच धातूचे.

चुना_सुरखी

ताई, तो चौकोन वाचून माझ्या 'छायाचित्र' शब्दाची धार गेली. शिवाय एक गोष्ट मी लिहायची टाळली होती. २०१० च्या बांधकामात जुन्या भिंतींचे जे अवशेष उरले होते ते नव्या भिंतींत सामावून घेतले आहेत, नव्या दगडाहून ते वेगळे ओळखू येतात. माझ्या मुद्द्याला सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. लुई कान मला अजूनही हवे आहेत, ते राहू द्या.

वारज्याची_मेघना

फोटो काढून बघितले. मी सगळे घुमटाचे काढले आहेत. खालच्या भिंतीचा एकच, आणि त्यात माझंच डोकं मधे.

लाल_देवळासमोर

तो रंगारी अजून आहे का? आमच्याकडे खरीच ओल आली आहे.

सोलकढी

बिरड्याची कृती राहिली!!

नागावकर_अश्दोद

वाल आज भिजत घातलेत. उद्या मोड, परवा सोलणं. सोलून झाले की लिहिते.